दादासाहेब फाळके यांचा उद्योगसंसार : एक ऐतिहासिक परामर्श

प्रतिवर्षीप्रमाणे यंदाही आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लेखन करावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आजपर्यंत आम्ही या पृष्ठांतून बहुधा गडकिल्ले, तीर्थक्षेत्रे आणि जुनी घराणी यांविषयी लिहीत आलो. यंदा मात्र विषय निराळा निवडला आहे. त्यास एक कारण घडले. ते लेखाच्या अखेरीस सांगू. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य गेले ते खडू-फळ्याच्या संगतीत. उद्योगव्यवस्थापनाचे जाडजूड ग्रंथ आम्ही वाचलेले नाहीत. परंतु इतिहास हाही एक ग्रंथच आहे, आणि त्यातील एखादे चरित्र नीट उलगडून पाहिले तर उद्योगाचे शास्त्र तेथेही सापडते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्या चरित्राकडे, ते केवळ कलावंत म्हणून नव्हे, तर कारखानदार म्हणून कसे वागले, कोठे जिंकले आणि कोठे चुकले, या दृष्टीने पाहण्याचे योजिले आहे.

चरित्राची रूपरेषा

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलगाही पोथी हाती घेईल, अशी घरची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु त्याचा ओढा चित्रकलेकडे. वडिलांस मुंबईत अध्यापनाचे काम मिळाले तेव्हा कुटुंब तेथे आले, आणि १८८५ साली धुंडिराज सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, मूर्तिकाम इत्यादी अनेक विद्यांचा अभ्यास केला. छपाईची नाना तंत्रे त्यांनी आत्मसात केली. जादूचे प्रयोगही शिकले, आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते लोकांपुढे केले.

या सर्व विद्यांनी त्यांस लागलीच सुख दिले, असे मात्र नाही. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले, आणि तो संसार व तो व्यवसाय दोन्ही मोडले. बडोद्यास पुन्हा प्रयत्न केला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो अशी वदंता पसरून गिऱ्हाईक फिरकेना, असे सांगतात. १९०३ साली सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. आजच्या भाषेत सांगायचे तर ‘कायमची’ नोकरी! परंतु वंगभंगाच्या आणि स्वदेशीच्या त्या दिवसांत, १९०६ च्या सुमारास, त्यांनी ती सोडली. लोणावळ्यास आणि नंतर दादर येथे त्यांनी छपाईचा व ठसे तयार करण्याचा कारखाना चालविला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. कारखान्याची कीर्ती वाढली. पण भागीदारांशी मतभेद झाले, आणि दादासाहेब आपल्या श्रमांचा काहीही मोबदला न घेता तेथून बाहेर पडले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

चाळिशी ओलांडलेला, घरात बायकामुले असलेला आणि हाती काम नसलेला हा गृहस्थ १९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील एका चित्रगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहतो, आणि पडद्यावर राम-कृष्ण अवतरताना का दिसू नयेत, असा विचार त्याच्या मनात येतो. येथून पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, आणि भारतीय चित्रपटाच्या धंद्याचा पाया घातला गेला. परंतु १९११ आणि १९१३ यांच्यामध्ये जी दोन वर्षे गेली, तीच आमच्या मते खरी अभ्यासनीय होत.

आधी विद्या, मग प्रयोग, मग पैसा

पहिली गोष्ट ही की, दादासाहेबांनी कल्पना सुचताच कर्ज काढून कारखाना थाटला नाही. प्रथम त्यांनी विद्या पदरात पाडून घेतली. रोज चित्रगृहांत जाऊन चित्रपट पाहावे, मिळतील ती पुस्तके व सूचिपत्रे वाचावी, रात्रीचा दिवस करावा, असा क्रम चालला. त्याचा परिणाम असा झाला की, डोळे अतिश्रमाने बिघडून काही काळ त्यांस जवळजवळ अंधत्व आले. योग्य उपचाराने दृष्टी परत आली हे आपले भाग्य. त्यानंतर बारा हजार रुपयांच्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले, आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले.

तेथे त्यांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. ओळखदेख नसता ते ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादकांनी प्रथम त्यांस या फंदात न पडण्याचाच सल्ला दिला. परंतु या माणसाची तळमळ पाहून त्यांनीच पुढे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील कलागृहात दादासाहेबांनी सर्व खात्यांचे काम डोळ्यांनी पाहिले. पन्नास पौंडांना विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेतला, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र व कोरी फिल्म यांची मागणी नोंदविली, आणि दोन महिन्यांच्या आत, १ एप्रिल १९१२ रोजी, ते मायदेशी परतले. विलायतेत ते रमले नाहीत, आणि गरजेबाहेर तेथे काही खरेदीही केली नाही.

आता चित्रपटासाठी आणखी भांडवल हवे होते, आणि ते देण्यास सावकार कचरत होते. हा काय धंदा आहे, हेच कोणास ठाऊक नव्हते, मग पैसा कोण देणार? तेव्हा दादासाहेबांनी एक अत्यंत साधी युक्ती केली. एका कुंडीत वाटाणे पेरले, आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण करून बीजाला अंकुर फुटतो, तो वाढतो, त्याचा वेल होतो, ही सारी क्रिया काही क्षणांत पडद्यावर दाखविली. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा प्रयोग. निवडक मंडळींस तो दाखविला, आणि ज्यांस चित्रपट म्हणजे काय हे शंभर व्याख्यानांनी कळले नसते, त्यांस ते एका वाटाण्याने कळले. त्यांतील काहींनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली.

आमच्या मते या सबंध चरित्रातील सर्वांत मोठा उद्योगमंत्र त्या कुंडीत आहे. नवा धंदा करू इच्छिणाऱ्याने पैसा मागण्यापूर्वी, आपल्या ऐपतीत बसेल एवढा लहान का होईना, पण पुरा झालेला नमुना लोकांपुढे ठेवावा. आणि पैसा देणाऱ्यानेही, तारण काय एवढेच न विचारता, तो नमुना पाहावा. देणारा व घेणारा या दोघांचाही धर्म त्यात सांगितला आहे.

माणसे हेरणे आणि घडविणे

‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीचे काम करण्यास स्त्री मिळेना. वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या; पण त्या काळी कुलीन स्त्रिया तर राहोच, नाचगाण्याचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनीही नकार दिला. दादासाहेब एका उपाहारगृहात चहाफराळास जात असत. तेथे स्वयंपाकाचे काम करणारा अण्णा साळुंके नावाचा सडपातळ तरुण त्यांच्या नजरेस पडला. त्यास दरमहा दहा रुपये मिळत. दादासाहेबांनी पंधरा देऊ केले, आणि तारामती मिळाली. या गोष्टीकडे पुष्कळ लोक गंमत म्हणून पाहतात. आम्हांस मात्र तीत गंमत दिसत नाही. हाताशी नाही त्या माणसाची वाट पाहत न बसता, आहे त्या माणसातला गुण ओळखणे, त्यास शिकविणे, आणि आधीच्या वेतनापेक्षा अधिक वेतन देणे, ही तीन कामे जो करतो तोच धनी म्हणवून घेण्यास पात्र होय. हाच साळुंके पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका करून गेला! त्या चित्रपटास एवढी गर्दी लोटली की, मद्रासेकडे उत्पन्नाची नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागली, असे सांगतात.

चित्रपटात काम करणे हे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. तेव्हा दादासाहेबांनी आपल्या माणसांस असे सांगून ठेवले होते की, कोठे काम करता असे कोणी विचारल्यास, हरिश्चंद्राच्या कारखान्यात, असे उत्तर द्यावे. आपल्या माणसांची लाज राखणे हेही धन्याचे काम आहे, हे त्यांनी जाणले होते. २००९ साली निघालेल्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी चित्रपटाचे नाव ज्यांस कोड्यात टाकते, त्यांस त्याचा उगम येथे सापडेल.

सौ. सरस्वतीबाई

या कारखान्याचा दुसरा खांब म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई. दादर येथील घर हेच कलागृह, तेच प्रयोगशाळा आणि तेच माणसांचे वसतिस्थान. साठ-सत्तर माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक त्या पाहत. बाहेरून येणारी फिल्म कोरी असे. तिला यंत्राने छिद्रे पाडण्याचे किचकट काम रात्री अंधाऱ्या खोलीत त्या करीत. फिल्म धुण्याची कृती त्यांनी शिकून घेतली. चित्रण चालू असता उजेड वळविण्यासाठी त्या पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत. आणि पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिने पुढे केले ते त्यांनीच. मुलगा भालचंद्र हा चित्रपटात रोहिदास झाला. पुढे १९१९ सालच्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली.

आपल्या ज्ञातीत ज्या ज्या घराण्याने दुकान अथवा कारखाना नावारूपास आणला, त्या त्या घरी स्वयंपाकघरातून हिशेबाची वही आणि माजघरातून मालाची बांधाबांध झालेली आहे, हे आम्ही पाहिले आहे. परंतु पाटीवर नाव लागते ते एकाचेच. दादासाहेबांच्या नावे १९६९ सालापासून भारत सरकार पुरस्कार देत आले आहे, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. सरस्वतीबाईंचे नाव किती जणांस सांगता येईल? ज्या उद्योगात घरच्या स्त्रीने आपले सोने घातले, त्या उद्योगात तिचा कागदोपत्री वाटा असावा, एवढी शिकवण तरी आपण यातून घेतली पाहिजे. येथे आमच्या भगिनीमंडळाने जरूर लक्ष द्यावे.

गिऱ्हाईकाशी बोलण्याची रीत

सुमारे सात महिने खपून ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. मुंबईत तो सलग तेवीस दिवस चालला. त्या काळच्या मानाने हे दिवस पुष्कळ झाले. परंतु सुरतेस पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये उत्पन्न झाले, अशी कथा आहे. चित्रगृहाचा मालक म्हणाला की, तेवढ्याच पैशांत येथील लोकांस नाटक तासन्‌तास पाहावयास मिळते; तुमचा खेळ फार लहान पडतो. तेव्हा दादासाहेबांनी खेळ लांबविला नाही, जाहिरात बदलली. तीन आण्यांत सत्तावन्न हजार चित्रे आणि दोन मैल लांबीचा देखावा, अशा आशयाची ती जाहिरात होती. दुसऱ्या दिवसापासून उत्पन्न तीनशे रुपयांवर गेले, असे सांगतात.

आम्ही शाळामास्तर असल्याने हा हिशेब मांडून पाहिला. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. त्या मानाने ३,७०० फुटांत एकोणसाठ हजारांवर चित्रे होतात. म्हणजे सत्तावन्न हजार हा आकडा खराच होता, उलट थोडा कमीच. परंतु ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. दोन मैल ही निव्वळ अतिशयोक्ती! असो. यातील घेण्यासारखे ते आपण घ्यावे. गिऱ्हाईक ज्या मापाने माल मोजते, त्याच मापात आपला माल त्यास सांगावा, हे खरे चातुर्य. सत्तावन्न हजार पुरेसे होते. दोन मैलांची गरज नव्हती. जो माल मुळात चांगला आहे, त्यास खोट्याची जोड देऊ नये.

चुका आणि त्यांची किंमत

आतापर्यंत गुणगान झाले. परंतु चरित्र हे आरती नव्हे. थोरांच्या चुकांपासून जो धडा मिळतो, तो त्यांच्या यशापासून मिळत नाही. आणि दादासाहेबांचा उत्तरार्ध या दृष्टीने फार बोलका आहे.

नाशिकला कारखाना हलविल्यावर ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट निघाले. १९१४ साली दादासाहेब आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांची वाहवा झाली, तेथेच राहून काम करण्याविषयी सूचनाही आली. ती त्यांनी नाकारली. नाशिकची माणसे त्यांच्यावर विसंबून होती. परंतु त्याच वर्षी महायुद्ध पेटले. भांडवलदारांनी हात आखडला, आणि कारखान्यापाशी संकटकाळासाठी राखून ठेवलेला पैसा नव्हता. आलेला नफा पुढच्या चित्रपटात जाई. पुढचा चित्रपट थांबला की सारेच थांबे. देशातील पहिला कारखाना, लोकांचा उदंड आश्रय, तरीही मालकास पुन्हा कर्जासाठी दारोदार हिंडावे लागले. चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक छोटा चित्रपट त्यांनी १९१७ च्या सुमारास तयार केला. त्यांच्या वाटाण्याच्या प्रयोगाचीच ती दुसरी आवृत्ती म्हणावयाची.

‘लंकादहना’च्या यशानंतर पाच भागीदार पुढे आले, आणि १ जानेवारी १९१८ रोजी नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ यांनी विपुल पैसा दिला. भागीदार म्हणू लागले की, खर्च आटोक्यात ठेवा, चित्रपट लवकर काढा, हिशेब दाखवा. दादासाहेब म्हणू लागले की, कलेच्या कामात ढवळाढवळ चालणार नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते, आणि म्हणूनच तंटा मिटेना. अखेर दादासाहेब सर्व सोडून सहकुटुंब काशीस निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ते फारसे चालले नाही. त्यांच्यावाचून कंपनीचाही जम बसेना. काही वर्षांनी ते परत आले. पण पूर्वीचे दिवस परत आले नाहीत.

आता ती छपाईच्या कारखान्याची गोष्ट आठवावी. तेथेही भागीदारांशी मतभेद, तेथेही रिक्तहस्ते निर्गमन. म्हणजे एकच चूक दहा वर्षांच्या अंतराने दोन वेळा झाली. ती चूक कोणती? भागीदारी करणे ही चूक नव्हे. पैशावाचून कला उभी राहत नाही. भागीदार वाईट होते, असे म्हणणेही सोपे आहे, पण पुरेसे नाही. आमच्या अल्पमतीस वाटते ते असे की, कोणत्या गोष्टीत कोणाचा शब्द अखेरचा, हे दोन्ही पक्षांच्या मनात कधीच एक नव्हते. चित्र कसे असावे हे कलावंताने ठरवावे. वर्षाकाठी त्यावर किती खर्च व्हावा हे सर्वांनी मिळून आरंभीच ठरवावे. आणि हिशेबाची वही सर्वांस उघडी असावी. ही सीमा मने स्वच्छ असताना आखली जाते. तंटा सुरू झाल्यावर नव्हे. ‘हिशेब मागितला म्हणजे विश्वास नाही’ असे मानणारा कलावंत आणि ‘पैसा दिला म्हणजे अक्कलही आमचीच’ असे मानणारा भांडवलदार, हे दोघेही सारख्याच अपायाचे होत.

यानंतर काळच पालटला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा बोलपट मुंबईत लागला, आणि मूकपटांचे आयुष्य सरले. दादासाहेबांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणूनच तयार झाला होता. त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तोच अखेरचा. ज्याने विलायतेस जाऊन नवी विद्या सर्वांच्या आधी आणली, त्याच्यापुढे नवी विद्या निघून गेली. यात त्यांस दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. साठीनंतर पुन्हा वाटाणा पेरण्याचे बळ सर्वांस नसते, हे आम्ही आमच्या अनुभवाने जाणतो. परंतु कारखाना एकाच माणसाच्या बोटांवर उभा असला, म्हणजे त्या बोटांबरोबर तोही थकतो. हाताखालच्या तरुणांवर वेळीच भार सोपविणे, हा धडा येथे राहून गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेब निवर्तले. ज्या धंद्याने पुढे असंख्य कुटुंबांस अन्न दिले, त्याचा जनक वैभवात गेला नाही.

हे लिहिण्याचे कारण

आता आरंभी दिलेल्या वचनाप्रमाणे कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आपल्या ज्ञातीच्या उद्योग-साहाय्य निधीच्या समितीवर होतो. एके रविवारी एक तरुण ज्ञातिबंधू अर्ज घेऊन आला. मराठी शाळांतील लहान मुलांसाठी हलत्या चित्रांचे धडे तयार करण्याचा उद्योग त्यास करावयाचा होता. आम्ही समितीचे सर्व सभासद वडीलधारी. आम्ही त्यास विचारले, तारण काय? ते नव्हते. विचारले, हा धंदा आपल्यात पूर्वी कोणी केला आहे काय? अर्थातच केला नव्हता. एकाने, नोकरी का पाहत नाहीस, असेही विचारले. पाच-सात मिनिटांत अर्ज एकमताने नामंजूर झाला. त्या एकमतात आमचेही मत होते. त्या तरुणाच्या काखेत एक पिशवी होती. ती त्याने एकदा मांडीवर घेतली, बंद उघडू लागला, आणि कोणी काही विचारीत नाही असे पाहून पुन्हा तशीच ठेवली. नमस्कार करून तो गेला. पुढे तो परप्रांतात नोकरीस लागला असे कळले. त्याचे बरे चालले आहे, आणि याबद्दल आम्हांस आनंद आहे.

परंतु गेल्या उन्हाळ्यात नातवंडांस दादासाहेबांची गोष्ट सांगत असता वाटाण्याच्या कुंडीपाशी आलो, आणि एकाएकी ती पिशवी आठवली. तिच्यात काय होते, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. कदाचित काहीच विशेष नसेल. कदाचित अर्ज नामंजूर करणेच योग्य ठरले असते. पण पिशवी न उघडता तो नामंजूर झाला, हा दोष आमचा आहे. जन्मभर मुलांस ‘करून दाखव’ असे सांगणाऱ्या मास्तराने त्या दिवशी करून दाखवावयास आलेल्यास तशी संधीच दिली नाही. तो तरुण हे वाचीत असल्यास, वयाने वडील असूनही आम्ही त्याची क्षमा मागतो.

आपल्यात मुलगा बँकेत अथवा सरकारी कचेरीत लागला की पेढे वाटले जातात. ते योग्यच आहे. आमच्या मुलाच्या वेळी आम्हीही वाटले. परंतु ज्याने नोकरी सोडून काही नवे मांडले, त्याच्या घरी आपण पेढे नव्हे, उपदेश घेऊन जातो. ही रीत बदलावी असे वाटते. म्हणून येत्या साधारण सभेपुढे आमची नम्र सूचना आहे की, उद्योग-साहाय्य निधीचा काही अंश केवळ नव्या व अपरिचित धंद्यांसाठी राखून ठेवावा, आणि अशा प्रत्येक अर्जदारास चार प्रश्न विचारल्यावाचून निर्णय करू नये. पहिला, ही विद्या तू कोठे व किती शिकलास? दुसरा, आजपर्यंत स्वतःच्या बळावर काय करून पाहिलेस, ते आम्हांस दाखव. तिसरा, अडचणीच्या वर्षासाठी काय राखून ठेवणार? चौथा, भागीदार कोण, घरच्या माणसांचा वाटा किती, आणि तंटा झाल्यास अखेरचा शब्द कोणाचा, हे लिहून ठेवले आहेस काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दादासाहेबांपाशी उत्तम होती, आणि म्हणून ते उभे राहिले. पुढच्या दोहोंची नव्हती, आणि म्हणून ते खचले. जो तरुण चारही उत्तरे देईल, त्यास तारण नसले तरी निधीने हात द्यावा. जो देऊ शकणार नाही, त्यास ती शोधून पुन्हा येण्यास सांगावे. परंतु दार लावून घेऊ नये.

नाशिकला जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले दादासाहेबांचे स्मारक मुलांसह अवश्य पाहावे. आणि घरी परतल्यावर मुलांकडून एका कुंडीत चार वाटाणे पेरून घ्यावे. रोज त्यांकडे पाहण्याची सवय लागली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

इत्यलम्‌.